चॉकलेटवर 'ब्लूम' येतं म्हणजे काय?

ब्लूम म्हणजे फुलणं, बहर येणं. गुलाब फुलला की 'इन ब्लूम'. फळझाडांच्या फुलोऱ्याला मात्र बहुतेक वेळा 'ब्लॉसम' म्हणतात. पण घरून चॉकलेट विकणार असाल, तर हाच शब्द वेगळ्या अर्थाने भेटेल. चॉकलेटवर पांढरट थर येतो ना, त्यालाही ब्लूमच म्हणतात. एका दिवाळीत माझे बारा बॉक्स परत आले, "बुरशी लागलीय" म्हणून. मी मुकाट्याने पैसे दिले, कारण ती बुरशी नाही हे मलाच माहीत नव्हतं!

आता मी आधी बोट फिरवून बघते. गुळगुळीत, तुपकट लागलं तर फॅट ब्लूम. म्हणजे टेम्परिंग चुकलंय, नाहीतर उष्णतेने कोको बटर वितळून वर येऊन गोठलंय. खरखरीत लागलं तर शुगर ब्लूम. फ्रिजमधून काढलेल्या चॉकलेटवर दव धरतं, साखर विरघळते आणि पाणी उडालं की वर कणी राहते. म्हणून डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडायचा नाही, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा. साधं चॉकलेट असेल तर दोन्ही खायला चालतं (क्रीमच्या फिलिंगला खरी बुरशी लागू शकते, तिथे रिस्क नको), पण गिफ्ट म्हणून कोण घेणार? फॅट ब्लूमवालं मी वितळवून पुन्हा टेम्पर करते. शुगर ब्लूमवालं जातं ब्राउनीत.