तेलात भिजणारा पट्टा

999 सीसी, तीन सिलिंडर आणि ब्लॉक जेमतेम ए-फोर कागदावर मावेल एवढा. तरी फोर्डच्या ‘इकोबूस्ट’ इंजिननं इकोस्पोर्ट गाडीला 125 पीएसची ताकद दिली. करामत टर्बोची: सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर चक्र फिरवतो आणि सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबली जाते. 2012 पासून सलग तीन वर्षं ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ हा किताब याच्याकडेच होता. दुखणं मात्र आत दडलेलं. टायमिंग बेल्ट इंजिन ऑइलमध्येच भिजत फिरतो. ऑइल जुनं किंवा चुकीच्या ग्रेडचं असलं, की बेल्ट झिजतो, चुरा ऑइलच्या जाळीत अडकतो. मग तेलाविना टर्बोही जातो. पुढच्या आवृत्तीत फोर्डनंच चेन बसवली, यात काय ते आलं. जुनी गाडी घेताय? किलोमीटर नंतर पाहा, आधी ऑइल बदलल्याच्या पावत्या मागा.