पोटातील बाळाच्या गुणसूत्रांची तपासणी

गरोदरपणी रक्त तपासले आणि कागदावर ‘धोका जास्त’ असे आले, की घरात रडारड सुरू होते. कुणी ग्रहणाला बोल लावतो, कुणी सुनेला. म्हणून ही तपासणी नीट समजून घेऊ या.

माणसाच्या शरीरातील पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. निम्मी आईकडून, निम्मी बापाकडून येतात. बीज तयार होताना वाटणी चुकली तर एखादे गुणसूत्र जास्त येते. २१ वे जास्त असल्यास डाउन सिंड्रोम होतो, हे पॅरिसच्या शास्त्रज्ञांनी १९५९ साली प्रसिद्ध केले. १८ वे जास्त असल्यास एडवर्ड्स व १३ वे असल्यास पटाऊ सिंड्रोम. हे दोन्ही अधिक दुर्मिळ व गंभीर. यातील बहुतेक बाळे गर्भातच किंवा पहिल्या वर्षात दगावतात. डाउनची मुले मात्र उपचार, शिक्षण व माया मिळाल्यास मोठी होतात, कामधंदाही करतात.

यात ग्रहणाचा किंवा कुणाच्या पापाचा संबंध नाही. आईच्या वयाबरोबर डाउनचा धोका वाढतो : विशीत सुमारे १५०० त एक, पस्तिशीला ३५० त एक, चाळिशीला १०० त एक. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्ने होतात. त्याने हा दोष वाढत नाही. दुसरे आनुवंशिक आजार मात्र वाढतात, म्हणून नाते डॉक्टरांना जरूर सांगावे. क्वचित आईच्या किंवा बापाच्याच गुणसूत्राचा तुकडा जागा बदललेला असतो. वारंवार गर्भ पडत असल्यास दोघांचेही रक्त तपासावे.

तपासण्या दोन प्रकारच्या. ११ ते १४ आठवड्यांतील सोनोग्राफी व रक्ततपासणी, तसेच दहाव्या आठवड्यापासून होणारी आईच्या रक्तातील डीएनए तपासणी, या चाळणीसारख्या आहेत. चाळणीत अडकलेला प्रत्येक दाणा खडा नसतो. दोष जितका दुर्मिळ, तितका खोटा इशारा मिळण्याचा संभव अधिक. खात्री होते ती वारेचा कण (१० ते १३ आठवडे) किंवा गर्भजल (१५ आठवड्यांनंतर) सुईने काढून तपासल्यावर. यात गर्भ पडण्याचा थोडा धोका असतो.

वेळेचे महत्त्व मोठे आहे. २०१७ साली महाराष्ट्रातील ३७ वर्षांच्या एका गर्भवतीने २६ व्या आठवड्यात, बाळाला डाउन असल्याने गर्भपाताची परवानगी मागितली. आईच्या जिवाला धोका नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २४ आठवड्यांपुढे गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळ निर्णय देते.

बाळ ठेवायचे ठरले असले तरी निदान उपयोगी पडते. डाउनच्या सुमारे निम्म्या बाळांना हृदयदोष असतो. तो आधी कळला तर बाळंतपण गावात न करता, बाळाच्या हृदयाचे उपचार होतील अशा मोठ्या इस्पितळात करता येते.

या तपासण्यांतून मुलगा की मुलगी हे विचारू नये. महाराष्ट्राने १९८८ साली याविरुद्ध कायदा केला. १९९४ चा केंद्रीय कायदा १९९६ पासून लागू आहे. निपाणीहून हद्द ओलांडून कोल्हापूरला गेले तरी कायदा तोच.

अहवाल हाती आल्यावर घाई करू नये. ही चाळणी आहे की खात्रीची तपासणी, हे आधी विचारावे; नवराबायकोने मिळून डॉक्टरांशी बोलावे, आणि सुनेला दोष देऊ नये.