जुन्या ट्रकचे आयडलिंग आणि हवेचा मार्ग

डिझेलवर चालणाऱ्या जुन्या ट्रकचे इंजिन उभ्या गाडीत थरथरू लागले, आवाजाची लय तुटू लागली किंवा फेरे आपोआप कमीजास्त होऊ लागले, की गॅरेजात बहुधा पहिला हात एअर क्लीनरला लागतो. हवेचा मार्ग स्वच्छ असणे इंजिनाच्या आयुष्यासाठी अत्यावश्यक आहेच. परंतु बिघडलेल्या आयडलिंगचे कारण बहुतेक वेळा त्या मार्गातल्या कचऱ्यात नसून इंधनाच्या असमान पुरवठ्यात किंवा सिलिंडरांच्या असमान झिजेत असते, आणि हवेचा मार्ग व आयडलिंग यांमधला संबंध नीट समजून घेतल्याशिवाय केलेली साफसफाई मूळ दोष जागच्या जागी ठेवते.

गाडी न्यूट्रलमध्ये आणि ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन केवळ स्वतःला चालू ठेवण्यापुरते फिरत असते, त्या स्थितीला आयडलिंग म्हणतात. जुन्या सहा सिलिंडरी इंजिनात ही गती मिनिटाला साधारण ५०० ते ६०० फेऱ्यांची असते. १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझशी करार करून ट्रकनिर्मितीत उतरलेल्या टेल्कोचे, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचे, ६९७ हे इंजिन या प्रकारातले परिचित उदाहरण होय. सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर व्यास ही मापे त्याच्या नावातच आहेत; १२८ मिलिमीटरच्या स्ट्रोकमुळे त्याची क्षमता सुमारे ५.७ लिटर भरते. चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेइतकी हवा ओढते, त्यामुळे ६०० फेऱ्यांवर हे इंजिन मिनिटाला १,७०० लिटरच्या आसपास, म्हणजे तासाला लाखभर लिटर हवा घेते. एक लिटर डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे दहा हजार लिटर हवा पुरते आणि आयडलिंगला तासाभरात जेमतेम एक-दीड लिटर डिझेल लागते, हे पाहिले म्हणजे त्या वेळी इंजिनाला हवा गरजेच्या कितीतरी पट मिळत असते हे उघड होते. म्हणूनच तुंबलेल्या फिल्टरचा परिणाम उभ्या गाडीत क्वचितच जाणवतो; तो भरलेला ट्रक घाट चढताना, ताकद घटून आणि काळा धूर सुटून, दिसतो.

पेट्रोल इंजिनात आत जाणारी हवाच एका झडपेने कमीजास्त केली जाते, त्यामुळे त्या झडपेवरचा कार्बन साफ केला की आयडलिंग सुधारते. डिझेल इंजिनात मात्र हवा मोकळी ठेवून फक्त इंधन मोजले जाते, म्हणून तोच उपाय तिथे लागू पडत नाही. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. फेऱ्यांनुसार पंपातून जाणारे डिझेल आवरणाऱ्या यंत्रणेला गव्हर्नर म्हणतात, आणि काही जुन्या इंजिनांत हा गव्हर्नर फिरत्या वजनांवर न चालता हवेच्या मार्गातील निर्वातावर, म्हणजे व्हॅक्यूमवर, चालतो. अशा इंजिनात व्हॅक्यूमच्या नळीला चीर गेली किंवा गव्हर्नरमधला पातळ पडदा फाटला, तर डिझेल आवरणारी ओढ कमी पडून फेरे चढतात किंवा सतत वरखाली होत राहतात. या वरखाली होण्याला कारागीर हंटिंग म्हणतात.

हवेच्या मार्गाचे खरे नाते दीर्घकालीन झिजेशी आहे. उसाच्या हंगामात शेतरस्त्यांवर किंवा खाणींच्या परिसरात धावणाऱ्या ट्रकच्या वाट्याला येणाऱ्या धुळीत सिलिकेचे कठीण कण असतात, आणि ते आत शिरले की पिस्टनच्या रिंगा व सिलिंडरचे लायनर घासले जातात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा दाबून इतकी तापवली जाते की तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. झिजलेल्या सिलिंडरात तो दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, पुरेसा होत नाही, आणि सहापैकी एखादा सिलिंडर कमी पडला की तो मिस करू लागतो, म्हणजे त्यातले डिझेल नीट पेटत नाही. फिल्टरच्या पुढे इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी होजला पडलेली चीर किंवा सैल क्लिप ही तुंबलेल्या फिल्टरपेक्षा अधिक घातक ठरते, कारण तिथून शिरणारी धूळ अडवणारे पुढे काहीच नसते.

त्यामुळे साफसफाईत होज, क्लिपा आणि गॅस्केट यांची तपासणी आधी येते. ऑइल बाथ प्रकारच्या एअर क्लीनरमध्ये वळण घेणाऱ्या हवेतील धूळ तेलात पडते. त्यातील गाळ काढून ताजे तेल खुणेपर्यंतच भरावे, कारण जास्तीचे तेल ओढले गेल्यास इंजिन ते इंधन म्हणून जाळते आणि फेरे आवाक्याबाहेर जाऊ शकतात. कागदी फिल्टर आपटू नये, पेट्रोलने धुऊ नये; आतून बाहेर अशी कमी दाबाची हवा मारून, आत दिवा धरून छिद्रे पाहावीत आणि शंका आल्यास तो बदलावा. मेनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांकडे हवा वाटून देणारी नळी, उतरवल्यास इंजिनाची उघडी तोंडे झाकून घ्यावीत आणि परत बसवताना गॅस्केट नवे घालावे. चालू डिझेल इंजिनाच्या हवेच्या मार्गात ज्वालाग्राही स्प्रे मारणे धोक्याचे आहे.

हे झाल्यावरही थरथर कायम असेल, तर शोध इंधनाकडे वळवावा लागतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत ओढ असते, त्यामुळे तिच्या सैल जोडातून डिझेल बाहेर न ठिबकता हवा आत शिरते आणि इंजिन अडखळते. जोड आवळून, फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून, हातपंपाने बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढणे हा त्यावरचा उपाय आहे. त्यानंतर प्रत्येक सिलिंडरची चाचणी येते. आयडलिंगवर एका वेळी एकाच नोझलच्या, म्हणजे सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या तोंडाच्या, नळीचा नट किंचित ढिला केला असता आवाज बदलून फेरे पडले, तर तो सिलिंडर काम करीत होता असे समजावे. फरकच पडला नाही, तर दोष तिथेच आहे. मात्र नोझलचा फवारा कातडीत घुसण्याइतका तीव्र असतो, म्हणून हे काम डोळ्यांवर चष्मा चढवून, हात दूर ठेवून अनुभवी कारागिरानेच करावे.

दोषी सिलिंडर सापडल्यावर त्याचे नोझल शेजारच्या सिलिंडरात बसवून पाहावे. दोष नोझलबरोबर सरकला, तर नोझल चाचणी यंत्रावर तपासून दुरुस्त करावे. तो जागीच राहिला, तर टॅपेटचे अंतर, कॉम्प्रेशन आणि शेवटी पंपाचे कॅलिब्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला सारखे डिझेल मिळते की नाही याची मोजणी, या क्रमाने जावे. सर्व सिलिंडर समान चालत असूनही केबिन हादरत असेल, तर इंजिनाखालचे रबरी माउंटिंग बसले असण्याचा संभव असतो.

या क्रमाचा लाभ असा की फुकट होणाऱ्या तपासण्या आधी होतात आणि पंप किंवा हेड उघडण्याचा खर्च केवळ पुरावा मिळाल्यावर करावा लागतो. याउलट आयडल स्क्रू फिरवून फेरे वाढवले, की मिस करणारा सिलिंडर कानाला कळेनासा होतो, डिझेल अधिक जळते आणि झीज चालूच राहते. म्हणून त्या स्क्रूला हात लावायचा तो सहाही सिलिंडर समान चालू लागल्यावरच.