मोकळी खुर्ची

सामना पाहायला तिकीट लागते. तिकीट काढून माणूस गेला नाही, तर खुर्ची मोकळी राहते. इंग्लंडमध्ये फुटबॉलचे काही शौकीन असे तिकीट गरीब पोरांना देतात.

आपल्याकडेही पाहा. १६ एप्रिल २०२३ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर क्रिकेटचा सामना झाला. सुमारे १९,००० मुली पाहुण्या म्हणून आल्या. सेवाभावी संस्थांनी त्यांना आणले होते.

पण नुसत्या तिकिटाने भागते का? हे मैदान चर्चगेट स्टेशनाजवळ आहे. डहाणू रोडहून चर्चगेट सुमारे १२४ किलोमीटर. तलासरीच्या पाड्यावरचे पोर तर आधी स्टेशन गाठणार! गाडीभाडे कोण देणार?

म्हणून कुणी तिकीट देऊ केले, तर खुशाल घ्या. पण आधी विचारा: पोरांना नेणार कोण? जेवणाचे काय? रात्री घरी आणून सोडणार कोण? एवढे ठरले, की पोरं बिनघोर सामना पाहतील.