राजदूत ३५० घ्यायचीय? आधी दोन सिलिंडरांचं गणित समजून घ्या

यामाहाच्या आरडी ३५० वर बेतलेली राजदूत ३५० एस्कॉर्ट्सने १९८३मध्ये भारतात आणली. ३४७ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर. आजही तिचे चाहते कमी नाहीत. पण सांभाळायला ती सोपी नाही.

सगळं दोन-दोन का?
प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्ब्युरेटर आणि स्वतंत्र पॉइंट आहे. एका बाजूचं सेटिंग हललं की एक सिलिंडर ओढतो, दुसरा मागे पडतो. त्यामुळे दोन्हींचं टायमिंग वेगवेगळं तपासावं लागतं.

खरा धोका कुठे?
क्रँकचं ऑइल सील कडक झालं की बाहेरची हवा आत शिरते. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापून जॅम होतो. वेगात मागचं चाक लॉक होऊ शकतं. अशा वेळी लगेच क्लच दाबा. थ्रॉटल सोडूनही आरपीएम उतरत नसेल, तर आधी सील तपासून घ्या.

कागदपत्रांचं काय?
खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. २०२१च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ दर्जा ५० वर्षांनंतरच मिळतो. म्हणजे पहिल्या राजदूत ३५० लाही २०३३पर्यंत थांबावं लागेल. तोवर सौदा करण्याआधी आरसीची मुदत पाहा.