चित्रकला म्हणजे नुसती चित्रे नव्हेत

गेल्या वर्षी एलिमेंटरी ड्रॉइंग परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस होते. आठवीतल्या एका मुलीचा फॉर्म पालकांच्या सहीविना परत आला. वर्गात तिच्याइतका स्वच्छ हात कुणाचा नव्हता, म्हणून संध्याकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. वडील फरशी बसवणारे मिस्त्री. नुकतेच कामावरून आलेले, हाताचे सिमेंट अजून निघाले नव्हते. सलाम-दुआ झाली, चहा झाला. मग ते म्हणाले, ‘‘सर, तुमचा मान आहे. पण माणसं-जनावरं काढणं आमच्या घरात चालत नाही. आणि चित्रं काढून पोरीचं भलं काय होणार?’’

खरे सांगायचे तर आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. या परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन असे विषय असतात. स्मरणचित्रात एखादा प्रसंग रंगवायचा म्हणजे माणसे येतातच. सजीवांच्या चित्रांविषयी उलेमांमध्ये मते वेगवेगळी आहेत. त्यात निवाडा देणे शाळामास्तराचे काम नव्हे. आम्ही एवढेच विचारले, ‘‘परीक्षा राहू द्या. नक्षी काढायला हरकत आहे का?’’

‘‘नक्षीला कोण नाही म्हणेल?’’

परीक्षा त्या वर्षी राहिलीच. पण दुसऱ्या दिवशी आम्ही मुलीला एक शंभर पानी कोरी वही दिली. रोज घरातली एक वस्तू नीट पाहायची, तिची नक्षी किंवा आकार उतरवायचा आणि खाली दोन ओळी लिहायच्या: डोळा आधी कुठे गेला, आणि का?

पहिल्या पानावर जानमाज आली. तिने लिहिले होते, ‘‘मधोमध उभी घडी घातली तर दोन्ही बाजू जुळतात. आडवी घातली तर जुळत नाहीत.’’ पुस्तकात ‘समतोल’ म्हणून जो धडा असतो, तो तिला घडी घालताना सापडला. खालची-वरची बाजू का जुळत नाही, हेही तिनेच शोधले. वर मेहराब आहे, कारण या नक्षीला किब्ल्याची दिशा दाखवायची आहे. सुंदर दिसणे आणि उपयोगी पडणे ही दोन वेगळी कामे नाहीत, हे आठवीतल्या मुलीला कळले यापेक्षा जास्त आम्ही काय शिकवणार होतो!

मग अम्मीच्या ओढणीची किनार आली. एकच बुट्टा पुन्हा पुन्हा, पण दर तिसरा थोडा मोठा. सगळे सारखे असते तर डोळा कंटाळला असता. यालाच लय म्हणतात. नानीची हिमरू शाल आली. सूत आणि रेशीम एकत्र विणलेली, सुलट बाजूला फुले आणि उलट बाजूला नुसते सुटे धागे. पोत म्हणजे काय, ते तिने बोटांनी पाहिले.

प्रमाणाचा धडा उर्दूच्या तासाला झाला. खुशखतीत अक्षराची उंची फूटपट्टीने मोजत नाहीत, कलमाने काढलेल्या नुक्त्यांनी मोजतात. दहाव्या शतकात बगदादचे वजीर इब्न मुक्ला यांनी अक्षरांना अशी मापे घालून दिली, असे मानले जाते. कलम जाड असो की बारीक, अलिफ आणि बे यांचे नाते तेच राहते. मुलींनी बरूने नुक्ते मांडून पाहिले, तेव्हा आपले अक्षर कुठे बिघडते ते त्यांचे त्यांनाच दिसले.

थंडीत शाळेची सहल औरंगाबादला बीबी का मकबरा पाहायला गेली. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर, 1660 च्या सुमारास बांधून झालेली. लोक तिला ताजची नक्कल म्हणतात आणि पुढे जातात. आम्ही मुलांना ताजचा फोटो दिला आणि फरक शोधायला लावले. आमच्या या मुलीने लिहिले, ‘‘इथले मिनार मधल्या इमारतीच्या मानाने उंच आणि जवळ वाटतात. ताजमध्ये घुमटाला श्वास घ्यायला जागा आहे.’’ कबरीभोवतीच्या संगमरवरी जाळीपाशी मात्र ती बराच वेळ थांबली. दगडाइतकीच मधली रिकामी जागाही नक्षी आहे, हे तिने तिथे टिपले.

घरी येऊन तिने आठ टोकांचा तारा काढायला घेतला. रीत सोपी आहे. कंपासने वर्तुळ काढा, त्याचे आठ सारखे भाग करा आणि एकाआड एक बिंदू जोडत जा. दोन चौकोन एकमेकांत अडकतात आणि तारा तयार होतो. असे तारे तिने पानभर भरले. पण डावीकडे तारा पूर्ण आला, उजवीकडे अर्धा कापला गेला.

रात्री वडिलांनी ते पान पाहिले. म्हणाले, ‘‘कोपऱ्यातून सुरू केलंस म्हणून बिघडलं. आधी खोलीचा मध्य काढायचा, दोन दोऱ्या मारायच्या, मग फरशी मांडायची. कटिंग दोन्ही भिंतींना सारखं येतं आणि डोळ्याला खुपत नाही.’’

मुलीने हे सारे जसेच्या तसे वहीत लिहून आणले. ते वाचून आम्ही खजील झालो. ज्यांना कला समजवायला आम्ही गेलो होतो, ते रोज गुडघ्यांवर बसून समतोल, लय आणि प्रमाण सांभाळत होते. आम्ही चहा पिऊन आलो, पण त्यांच्या कामाबद्दल एक प्रश्न विचारला नाही.

पुढे एका रविवारी ते तिला कामावर घेऊन गेले. एका घराच्या दाराशी नक्षीची फरशी बसवायची होती. तिने आलेखाच्या कागदावर आराखडा काढला, त्यांनी दोन ठिकाणी सुधारला आणि तसाच बसवला.

यंदा फॉर्मवर सही झाली का, असे वाचक विचारतील. अजून नाही. स्मरणचित्राबद्दल मौलानांना विचारून सांगतो, असे वडील म्हणाले आहेत. त्यांचा निर्णय काहीही होवो, तो आम्ही मानू. वही मात्र बंद पडलेली नाही.

आपल्या घरातही जानमाज आहे, ओढणी आहे, पायाखाली फरशी आहे. मुलांना एक कोरी वही द्या आणि आठवड्यातून एकदा त्यांच्याशेजारी बसून ती पाहा. आणि घरात कुणी सुतार, शिंपी, गवंडी किंवा जरीकाम करणारे असेल, तर ती वही आधी त्यांना दाखवा.