पेणच्या टेबलावर इलेक्ट्रॉन

इलेक्ट्रॉन मोजायला बसलेल्या विद्यार्थ्याला पहिलं काम काय करावं लागतं? उत्तर दिशा शोधावी लागते.

बी.एस्सी.च्या आधुनिक भौतिकशास्त्रातला हा जुना, मुरलेला प्रयोग आहे. जे. जे. थॉमसनने १८९७ साली केंब्रिजमध्ये केलेल्या कामाचं हे कॉलेजच्या टेबलावर मावणारं रूप. लाकडी स्टँडवर काचेची निर्वात नळी असते आणि तिच्या तोंडाशी हिरवट ठिपका चमकत असतो. नळीच्या दोन्ही बाजूंना मोजपट्टी बसवलेले लाकडी हात असतात. होकायंत्र ठेवून नळी बरोबर दक्षिणोत्तर करायची, म्हणजे हात आपोआप पूर्व-पश्चिम होतात. खिशातल्या किल्ल्या, मोबाईल, लोखंडी स्टूल हे सगळं लांब न्यायचं, कारण किल्ल्यांचा जुडगा जवळ आला तरी होकायंत्राचा काटा हलतो.

आता नळीतल्या दोन पट्ट्यांना व्होल्टेज दिलं की ठिपका वर सरकतो. मग दोन्ही हातांवर एकेक पट्टीचुंबक ठेवून ते हळूहळू जवळ आणायचे. ठिपका खाली उतरू लागतो आणि एका क्षणी पहिल्या जागी येऊन थांबतो. विजेचा जोर आणि चुंबकाचा जोर तिथे बरोबरीत सुटलेले असतात. ठिपका जागेवर आला म्हणजे इलेक्ट्रॉनचा वेग हातात आला. नळीला हजार व्होल्ट दिलेले असतील तर तो सेकंदाला सुमारे १८,७०० किलोमीटर भरतो. पेणहून रोह्याला जाणारी गाडी कासू, नागोठणे, निडी करत चाळीसएक किलोमीटर कापते. या इलेक्ट्रॉनला त्यासाठी सेकंदाचे दोन हजारांश भाग पुरतील. त्याला आपण टेबलावर, हाताने चुंबक सरकवून, वळण लावलेलं असतं!

पण चुंबकाचा जोर नेमका किती होता? तो मोजायची युक्ती मला सगळ्या प्रयोगात सुंदर वाटते. नळी उचलून बाजूला ठेवायची, तिच्या जागी मॅग्नेटोमीटर ठेवायचा आणि चुंबक पुन्हा त्याच अंतरांवर आणायचे. मॅग्नेटोमीटरच्या काट्याला पृथ्वी उत्तरेकडे ओढते आणि आपले चुंबक पूर्व-पश्चिम ओढतात. काटा मधेच कुठेतरी स्थिरावतो. तो ४५ अंशांवर थांबला, तर टेबलावरच्या दोन चुंबकांचं क्षेत्र आणि पृथ्वीचं आडवं क्षेत्र अगदी सारखं. एरवी त्या कोनाच्या टॅनला पृथ्वीच्या क्षेत्राने गुणायचं. म्हणजे इलेक्ट्रॉन मोजण्यासाठी आपण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात चक्क पृथ्वी टाकतो.

त्या पारड्याचं माप पेणपासून तीसेक किलोमीटरवर, अलिबागला, राखलेलं आहे.

मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईतल्या घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवायचं ठरलं. रुळांतून जाणाऱ्या विजेने नाजूक काटे बिथरले असते, म्हणून चुंबकीय नोंदींचं काम अलिबागला हलवायचा निर्णय झाला. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी हे काम तडीस नेलं. अलिबागच्या नोंदी १९०४ साली सुरू झाल्या आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचनं घेतली गेली, जेणेकरून जुनी मालिका नव्या मालिकेला नीट जोडता यावी. विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. भारतीय भूचुंबकत्व संस्था ती मालिका आजही चालवते. एखाद्या वाचनाची इतकी काळजी घेणारी माणसं आपल्या जिल्ह्यात होती, हे अकरावी-बारावीच्या मुलांना कुणीतरी सांगायला हवं.

पृथ्वीच्या क्षेत्राचा हा आडवा घटक आपल्याकडे सुमारे ०.३८ गॉस आहे. तो सूत्रात घालायचा आणि इलेक्ट्रॉनचा विद्युतभार भागिले वस्तुमान काढायचं. उत्तर यायला हवं एका किलोग्रॅमला १.७६ × १०¹¹ कूलोम. बहुतेकांचं तेवढं येत नाही. सूत्रात चुंबकीय क्षेत्राचा वर्ग छेदात असतो, त्यामुळे क्षेत्र पाच टक्के चुकलं की उत्तर जवळजवळ दहा टक्के चुकतं. कोन वाचताना डोळा काट्याच्या बरोबर वर नसेल तर तेवढं चुकायला वेळ लागत नाही.

पेणच्या भाऊसाहेब नेने महाविद्यालयासारखी मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजं असोत की थेट मुंबईतली, प्रॅक्टिकलचा शिरस्ता सारखाच. आधी रफ वहीत रीडिंग, मग जर्नलमध्ये आकृती, तक्ता, ग्राफ, उत्तर. जर्नल सर्टिफाय झालेलं नसेल तर परीक्षेला बसणं अवघड. मुलं याला कारकुनी समजतात. मला ते या विषयाचं हृदय वाटतं, आणि का ते दुसऱ्या एका प्रयोगातून चांगलं दिसतं.

त्या प्रयोगाला चार-पाच रंगांचे एलईडी, एक व्होल्टमीटर आणि थोडा अंधार एवढंच लागतं. व्होल्टेज शून्यापासून हळूहळू वाढवत न्यायचं आणि दिवा पहिल्यांदा मिणमिणला की आकडा लिहायचा. लाल दिवा लवकर पेटतो, हिरवा त्यानंतर, निळा सगळ्यांत शेवटी. प्रकाश सुट्या पुड्यांमध्ये येतो आणि निळ्या प्रकाशाची पुडी लाल प्रकाशाच्या पुडीपेक्षा महाग असते, हे मॅक्स प्लांकने १९०० साली सुरू केलेलं आणि आइन्स्टाइनने १९०५ साली पुढे नेलेलं गणित डोळ्यांसमोर पेटत जातं. समजा, ६३० नॅनोमीटरचा लाल दिवा १.७ व्होल्टला दिसू लागला. इलेक्ट्रॉनच्या भाराने आणि तरंगलांबीने गुणून प्रकाशाच्या वेगाने भागलं की ५.७ × १०⁻³⁴ येतं. खरा प्लांक स्थिरांक, म्हणजे पुडीची किंमत ठरवणारा आकडा, ६.६२६ × १०⁻³⁴. चौदा टक्के चुकलो खरे, पण दशांशचिन्हानंतर तेहतीस शून्यं असलेल्या संख्येला काही रुपयांच्या दिव्याने इतक्या जवळून गाठलं.

आणि ही संख्या पुस्तकापुरती नाही. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्याच तिच्यावर उभी आहे. पॅरिसजवळ जपून ठेवलेला धातूचा ठोकळा निवृत्त झाला आणि प्लांक स्थिरांकाची किंमत कायमची ठरवून दिली गेली. पेणच्या बाजारात दुकानदार किलोभर पोहे तोलून देतो, तेव्हा त्या किलोची मुळं त्या मिणमिणत्या दिव्याच्या गणितात असतात.

चौदा टक्क्यांची चूक बघून अनेकांचा हात उत्तराकडून मागे वळतो. पुस्तकातला आकडा ठाऊक असतोच, मग त्याला जुळेल असं रीडिंग ‘कुक’ करायचं. हे करू नये, कारण चुकीतच माहिती असते. दिवा ‘पेटला’ हे डोळ्याने ठरवलं, पण एलईडीमधून प्रवाह त्याआधीच किंचित वाहू लागलेला असतो आणि खोलीत किती अंधार आहे यावर आकडा बदलतो. एकाच दिव्याऐवजी सगळ्या रंगांचा ग्राफ काढून त्याचा स्लोप घेतला तर सगळ्या दिव्यांत समान असलेली चूक गळून पडते. व्हायव्हाला परीक्षक नेमकं हेच विचारतात, आणि ज्याने रीडिंग मनाने लिहिली त्याच्याकडे सांगायला काहीच उरत नाही.

रीडिंग आलं तसंच लिहिण्याचं उत्तम उदाहरण म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन. आइन्स्टाइनचं प्रकाशाच्या पुड्यांचं समीकरण त्याला पटत नव्हतं. प्रकाश म्हणजे लाटा, पुड्या कशा असतील? ज्यांवर प्रकाश पाडून इलेक्ट्रॉन बाहेर काढायचे ते धातूचे पृष्ठभाग निर्वात नळीच्या आतच खरवडून ताजे करण्याची सोय त्याने बनवली आणि वर्षानुवर्षं मोजमापं केली. ग्राफवरचे बिंदू आइन्स्टाइनच्या सरळ रेषेवर जाऊन बसले. १९१६ च्या आपल्या शोधनिबंधात त्याने ते जसेच्या तसे छापले. त्यामागची कल्पना आपल्याला मान्य नाही हेही तिथेच लिहिलं, आणि रेषेच्या स्लोपवरून आलेला स्थिरांकही दिला: ६.५७ × १०⁻³⁴. आजच्या किमतीपेक्षा तो एक टक्क्याहूनही कमी फरकाने वेगळा आहे.